स्टोअर्ड प्रोसिजरमधलं डायनॅमिक एसक्यूएल: क्वेरी जोडताना आणि परवानगी देताना

साखर कारखान्याचं जुनं सॉफ्टवेअर म्हटलं की हंगामनिहाय टेबलं आलीच. गाळप_२०२३_२४, गाळप_२०२४_२५, आणि पुढच्या मोळीपूजनाआधी आणखी एक. ऊसनोंद, वजनकाट्यावरच्या स्लिपा, पंधरवडा बिलं, तोडणी-वाहतुकीचे हिशेब, सगळं हंगामाच्या नावाने वेगळं. लातूर-धाराशिवपासून नांदेड-परभणीपर्यंत ज्यांनी असं सॉफ्टवेअर सांभाळलंय त्यांना पुढची अडचण माहीत आहे. टेबलाचं नाव क्वेरी चालताना ठरतं, आणि मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये टेबलाच्या नावाच्या जागी व्हेरिएबल चालत नाही. मग क्वेरी मजकुरासारखी जोडायची आणि चालवायची. हेच डायनॅमिक एसक्यूएल.

त्यात गैर काही नाही. गैर आहे ती एक समजूत: "आमचं सगळं काम स्टोअर्ड प्रोसिजरमधून चालतं, त्यामुळे इंजेक्शनचा प्रश्नच येत नाही." (स्टोअर्ड प्रोसिजर म्हणजे डेटाबेसातच साठवलेला, नावाने चालवायचा कोड. इंजेक्शन म्हणजे बाहेरून आलेल्या मजकुरातून क्वेरीत परकी आज्ञा घुसवणं.) पॅरामीटर प्रोसिजरच्या दारापर्यंत सुरक्षित येतो हे खरं. पण आत आल्यावर आपणच तो अवतरणचिन्हांत घालून मजकुराला चिकटवला, तर प्रोसिजर असून नसून सारखंच. आणि नुकसान किती होणार हे दुसऱ्याच गोष्टीवर ठरतं: ती क्वेरी चालावी म्हणून कोणाला किती परवानगी दिली गेली. या दुसऱ्या भागाकडे फार कमी लक्ष जातं.

नेहमी दिसणारा नमुना असा. की-वर्ड इथे देवनागरीत लिहिले आहेत, टाइप करताना नेहमीसारखेच.

```
क्रिएट प्रोसिजर डीबीओ.ऊस_यादी
  @हंगाम एनव्हारकॅर(२०), @गाव एनव्हारकॅर(१००), @क्रम एनव्हारकॅर(५०)
ॲज
डिक्लेअर @क्वेरी एनव्हारकॅर(१०००);
सेट @क्वेरी = एन'सिलेक्ट सभासद_क्र, स्लिप_क्र, निव्वळ_टन
  फ्रॉम डीबीओ.गाळप_' + @हंगाम
  + एन' व्हेअर गाव = एन''' + @गाव
  + एन''' ऑर्डर बाय ' + @क्रम;
एक्झेक (@क्वेरी);
```

इथे तीन भोकं आहेत आणि तिन्हींचा इलाज वेगळा आहे. गाव ही व्हॅल्यू, हंगाम म्हणजे टेबलाचं नाव, आणि क्रम म्हणजे क्वेरीचा तुकडाच.

गावाच्या जागी कोणी असं पाठवलं:

```
औसा'; अपडेट डीबीओ.बँक_खाते सेट खाते_क्र = '...' --
```

औशानंतरच्या अवतरणचिन्हाने मजकूर बंद होतो, अर्धविरामानंतर दुसरंच वाक्य सुरू होतं, आणि शेवटचे दोन डॅश मूळ क्वेरीचं शेपूट टिपणीत ढकलतात. शंभर अक्षरांत हे आरामात बसतं. यादी बघायच्या प्रोसिजरमधून सभासदांचे खाते क्रमांक बदलले जातात आणि पुढच्या पंधरवड्याचे पैसे भलत्याच खात्यात जमा होतात. या डेटाबेसात आधार आणि बँक खाती असतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

ही चूक आपल्याकडे वर्षानुवर्षे का लपून राहते, त्याला एक स्थानिक कारण आहे. ज्या देशांत लोकांच्या नावातच अपॉस्ट्रॉफी असते, तिथे असली प्रोसिजर पहिल्या आठवड्यातच एरर देते. आपल्याकडे गायकवाड, सोळंके, पठाण, मुंडे. औसा, निलंगा, गंगाखेड, कंधार. कुठेही ते चिन्ह नाही, म्हणून चाचणीत सगळं व्यवस्थित चालतं.

अपवाद आहे तो जुन्या फॉन्टमधल्या डेटाचा. कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं प्रत्यक्षात इंग्रजी चिन्हांच्या रूपाने साठवलेली असतात आणि त्यात अर्धा 'श' म्हणजे चक्क अपॉस्ट्रॉफी. म्हणजे शिंदे, शेख, शेळके अशा प्रत्येक आडनावात एक अवतरणचिन्ह. असा डेटा असलेल्या ठिकाणी क्वेरी फुटते, आणि मग बहुतेक वेळा चुकीचा इलाज होतो: आलेल्या मजकुरातून अवतरणचिन्ह काढून टाकणं. तसं केलं की नावातला श गळून पडतो. भोक तर बुजत नाहीच, कारण हंगाम आणि क्रम यांतून घुसायला अवतरणचिन्ह लागतच नाही.

व्हॅल्यूचा इलाज एकच, तो म्हणजे एसपी_एक्झिक्यूटएसक्यूएल. क्वेरीच्या मजकुरात पॅरामीटरचं फक्त नाव राहतं आणि व्हॅल्यू वेगळी जाते. तिच्यात कितीही अवतरणचिन्हं असोत, सर्व्हर तिला डेटा म्हणूनच वाचतो. वर क्वेरीचा मजकूर प्रत्येक गावासाठी तोच राहत असल्याने ती चालवण्याचा सर्व्हरने आखलेला प्लॅनही पुन्हा वापरला जातो. याला क्वेरी एनव्हारकॅरमध्येच, म्हणजे युनिकोड मजकुराच्या प्रकारात, द्यावी लागते. व्हारकॅर दिलं तर २१४ क्रमांकाचा एरर येतो. पण नुसतं हे नाव दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका. क्वेरी आधी प्लस लावून जोडायची आणि मग तीच एसपी_एक्झिक्यूटएसक्यूएलला द्यायची, असा कोड भरपूर सापडतो. त्याने एक्झेकपेक्षा तसूभरही जास्त संरक्षण मिळत नाही.

टेबलाचं नाव पॅरामीटर म्हणून जात नाही. त्यासाठी क्वोटनेम हे फंक्शन सुचवलं जातं: ते नावाला चौकटी कंस लावतं आणि आतला बंद कंस दुप्पट करतं. मात्र त्याच्या मर्यादा ठाऊक हव्यात. १२८ अक्षरांपेक्षा लांब नाव दिलं तर ते नल, म्हणजे 'व्हॅल्यूच नाही', परत देतं. नल जोडला की अख्खी क्वेरी नल होते आणि काहीही न चालता, एररही न देता प्रोसिजर संपते. स्कीमा (टेबलांच्या गटाचं नाव, उदाहरणार्थ डीबीओ) आणि टेबल एकत्र देऊन चालत नाही, कारण 'डीबीओ.गाळप' हे सगळं मिळून एकच नाव समजलं जातं आणि २०८ क्रमांकाचा एरर येतो. तो एरर आला की वैतागून क्वोटनेमच काढून टाकलं जातं. दोन्ही भागांना वेगवेगळं लावून मध्ये टिंब द्यायचं, एवढंच करायचं असतं.

त्याहून मोठी मर्यादा अशी की क्वोटनेम वाक्य मोडू देत नाही, पण चुकीचं टेबल निवडू देतं. हंगामाच्या ठिकाणी बँक_खाते आलं तर त्यालाही ते नीट कंस लावून देईल. म्हणून बाहेरून टेबलाचं नाव घ्यायचंच नाही. हंगाम_सूची नावाचं छोटं टेबल ठेवा, त्यात हंगामाचा पूर्णांक क्रमांक आणि टेबलाचं नाव. स्क्रीनवरून फक्त क्रमांक येऊ द्या. पूर्णांक पॅरामीटरमधून मजकूर घुसूच शकत नाही. खालच्या कोडमध्ये हंगामाची टेबलं गाळप नावाच्या वेगळ्या स्कीमात ठेवली आहेत, त्याचं कारण पुढे येईल.

```
क्रिएट ऑर ऑल्टर प्रोसिजर डीबीओ.ऊस_यादी
  @हंगाम_क्र इंट, @गाव एनव्हारकॅर(१००), @क्रम टायनीइंट
ॲज
डिक्लेअर @टेबल सिसनेम, @ओळ एनव्हारकॅर(१००), @क्वेरी एनव्हारकॅर(मॅक्स);

सिलेक्ट @टेबल = टी.नेम
फ्रॉम डीबीओ.हंगाम_सूची एच
जॉइन सिस.टेबल्स टी ऑन टी.नेम = एच.टेबल_नाव
  अँड टी.स्कीमा_आयडी = स्कीमा_आयडी(एन'गाळप')
व्हेअर एच.हंगाम_क्र = @हंगाम_क्र;

इफ @टेबल इज नल
  थ्रो ५०००१, एन'असा हंगाम नाही', १;

सेट @ओळ = केस @क्रम
  व्हेन १ देन एन'निव्वळ_टन डेस्क'
  व्हेन २ देन एन'सभासद_क्र'
  एल्स एन'स्लिप_क्र' एंड;

सेट @क्वेरी = एन'सिलेक्ट सभासद_क्र, स्लिप_क्र, निव्वळ_टन फ्रॉम गाळप.'
  + क्वोटनेम(@टेबल)
  + एन' व्हेअर गाव = @ग ऑर्डर बाय ' + @ओळ;

एक्झेक सिस.एसपी_एक्झिक्यूटएसक्यूएल
  @क्वेरी, एन'@ग एनव्हारकॅर(१००)', @ग = @गाव;
```

क्रमासाठी केस वापरलंय ते मुद्दाम. ऑर्डर बायच्या मागे काय येऊ शकतं याची यादी प्रोसिजरमध्येच लिहिलेली, वापरणाऱ्याने फक्त आकडा द्यायचा. 'वर' आणि 'खाली' या शब्दांसाठीसुद्धा हेच करा.

@क्वेरी मॅक्स का, तर लांबी हा स्वतंत्र धोका आहे. व्हेरिएबलमध्ये न बसणारा मजकूर एसक्यूएल सर्व्हर एरर न देता कापतो. जुन्या कोडमध्ये रिप्लेस वापरून अवतरणचिन्ह दुप्पट केलेलं असतं आणि निकाल तेवढ्याच लांबीच्या व्हेरिएबलमध्ये ठेवलेला असतो. ९९ साधी अक्षरं आणि शंभरावं अवतरणचिन्ह पाठवलं की दुप्पट झालेल्या जोडीतलं दुसरं चिन्ह कापलं जातं. उरलेलं एकटं चिन्ह आपल्याच बंद करणाऱ्या चिन्हाशी जोडी जमवतं, मजकूर उघडाच राहतो, आणि पुढच्या पॅरामीटरमधलं लिखाण थेट क्वेरी म्हणून वाचलं जातं. जोडणीतले सगळे तुकडे साधे एनव्हारकॅर असतील तर ४,००० अक्षरांनंतरचा भागही असाच गळतो, मग साठवणारं व्हेरिएबल मॅक्स असलं तरी. लांब क्वेरीचा शेवटचा व्हेअर गळाला तर काय दिसेल याचा विचार करा: एका गावाऐवजी सगळ्या गावांची यादी.

व्हारकॅरचा आणखी एक तोटा. मराठी मजकूर त्यात प्रश्नचिन्हं होतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण युनिकोडमध्ये अपॉस्ट्रॉफीसारखं दिसणारं एक वेगळं अक्षर आहे, क्रमांक ०२बीसी. ते एनव्हारकॅरमधून व्हारकॅरमध्ये येताना साधं अवतरणचिन्ह होऊ शकतं. म्हणजे आधी तपासणी, मग रूपांतर, असा क्रम असेल तर तपासणी फुकट. मजकूर शेवटपर्यंत एनव्हारकॅरच ठेवायचा, आणि प्रत्येक स्थिर मजकुरापुढे एन लावायचा.

स्क्रीनवरून येतं तेवढंच तपासायचं, हाही गैरसमज. चिटबॉयने (शेतावर जाऊन ऊस नोंदवणाऱ्या कारखान्याच्या माणसाने) आणलेल्या ऊसनोंदीची एक्सेल फाइल पॅरामीटर वापरून अगदी बरोबर टेबलात गेली, तरी शेरा या कॉलममध्ये काहीही असू शकतं. पंधरवडा बिलाची प्रोसिजर रात्री कर्सर लावून, म्हणजे एकेक ओळ वाचत, तोच शेरा उचलते आणि क्वेरीत जोडते. हल्ला नोंदीच्या दिवशी नव्हे, बिलाच्या रात्री चालतो, आणि तोही बिलाच्या जॉबच्या लॉगिनने, ज्याचे अधिकार सहसा जास्त असतात. टेबलातून वाचलेली व्हॅल्यूसुद्धा पॅरामीटर म्हणूनच पाठवायची.

आता परवानगी. साध्या, जोडणी नसलेल्या प्रोसिजरमध्ये प्रोसिजर आणि टेबल यांचा मालक एकच असेल तर वापरणाऱ्याकडे फक्त एक्झिक्यूट असलं की पुरतं. टेबलावर त्याला काहीही परवानगी लागत नाही. याला ओनरशिप चेन म्हणतात. डायनॅमिक एसक्यूएलमध्ये ही साखळी तुटते. आतली क्वेरी चालवताना सर्व्हर प्रोसिजर चालवणाऱ्या युजरची स्वतःची परवानगी बघतो. काट्यावरच्या क्लार्ककडे ती नसते, म्हणून २२९ क्रमांकाचा एरर येतो: सिलेक्टची परवानगी नाही.

सगळा घोटाळा या एररपाशी होतो. हंगाम तोंडावर, यार्डात बैलगाड्या आणि ट्रॅक्टर उभे, फोन सुरू. अशा वेळी त्या लॉगिनला डीबी_ओनर, म्हणजे डेटाबेसावरचे सगळे अधिकार, देऊन टाकलं जातं. एरर जातो, आणि गोदामाचं एक कुलूप उघडायला सगळ्या किल्ल्यांचा जुडगाच खुंटीला टांगला जातो. आता वरच्यासारखं एखादं भोक राहिलं असेल, तर त्यातून वाचणं, बदलणं, टेबल उडवणं, सगळं शक्य आहे.

दुसरा सोपा वाटणारा मार्ग म्हणजे प्रोसिजरवर एक्झिक्यूट ॲज ओनर लिहिणं. डीबीओच्या मालकीच्या प्रोसिजरमध्ये याचा अर्थ आतली क्वेरी पूर्ण डीबीओच्या हक्काने चालणार. लॉगिन नसलेला, मोजक्या परवानग्यांचा युजर तयार करून एक्झिक्यूट ॲज त्याच्या नावाने लिहिलं तर ते बरंच बरं. पण मग एसयूझर_स्नेम ते बदललेलं नाव देतं, आणि 'कोणी बदललं' या कॉलममध्ये सगळ्यांच्या नावाने एकच नोंद पडते. तिथे ओरिजिनल_लॉगिन वापरावं लागतं. आणि दुसऱ्या डेटाबेसपर्यंत पोहोचत नाही म्हणून डेटाबेसाची ट्रस्टवर्दी ही सेटिंग चालू करणं तर नकोच. डेटाबेसचा मालक एसए (सर्व्हरचा सर्वाधिकारी लॉगिन) असेल आणि हे चालू असेल, तर त्या डेटाबेसातला डीबी_ओनर अख्ख्या सर्व्हरचा सिसॲडमिन होऊ शकतो.

मला पटलेला मार्ग सर्टिफिकेटने प्रोसिजरवर सही करण्याचा. एसक्यूएल सर्व्हर २००५ पासून तो उपलब्ध आहे, तरी फार कमी ठिकाणी वापरला जातो.

```
क्रिएट सर्टिफिकेट ऊस_सही
  एन्क्रिप्शन बाय पासवर्ड = '...' विथ सब्जेक्ट = 'ऊस अहवाल';
क्रिएट यूजर ऊस_सही_यूजर फ्रॉम सर्टिफिकेट ऊस_सही;
ग्रँट सिलेक्ट ऑन स्कीमा::गाळप टू ऊस_सही_यूजर;
ॲड सिग्नेचर टू डीबीओ.ऊस_यादी
  बाय सर्टिफिकेट ऊस_सही विथ पासवर्ड = '...';
ग्रँट एक्झिक्यूट ऑन डीबीओ.ऊस_यादी टू अहवाल_रोल;
```

ऊस_सही_यूजर या नावाने कोणी लॉगिन करू शकत नाही. प्रोसिजर चालू असेपर्यंत त्याची सिलेक्ट परवानगी वापरणाऱ्याच्या परवानग्यांत मिळवली जाते, संपली की काढून घेतली जाते. वापरणारा कोण हे बदलत नाही, त्यामुळे नोंदीत खरं नाव राहतं. आणि प्रोसिजरमध्ये उद्या चुकून भोक राहिलंच, तरी त्यातून केलेला अपडेट २२९ वर आपटतो, कारण अपडेटची परवानगी कोणाकडेच नाही.

हंगामाची टेबलं गाळप नावाच्या वेगळ्या स्कीमात ठेवायचं कारण हेच. परवानगी स्कीमावर दिली की दर ऑक्टोबरला नव्या टेबलावर पुन्हा द्यायला लागत नाही. जुनी टेबलं ऑल्टर स्कीमा ट्रान्सफरने हलवता येतात. मात्र हलवताना त्या टेबलावरच्या आधीच्या परवानग्या पुसल्या जातात आणि डीबीओ. असं लिहिलेल्या बाकीच्या प्रोसिजर मोडतात. हे काम गळीत बंद असतानाच करा.

सहीच्या बाबतीत काही गोष्टी अडवतात. प्रोसिजर ऑल्टर केली की सही उडते, म्हणून सही करण्याची ओळ डिप्लॉयमेंटच्या स्क्रिप्टमध्येच हवी. वापरणाऱ्याला टेबलावर डिनाय (स्पष्ट मनाई) दिलेलं असेल तर सही त्याच्यावर मात करत नाही. आणि सही नसताना वरची प्रोसिजर 'असा हंगाम नाही' म्हणेल, कारण ज्याला टेबलावर काहीच परवानगी नाही त्याला ते सिस.टेबल्समध्ये दिसतही नाही. हंगाम_सूचीत शोधत बसण्याआधी सिस.क्रिप्ट_प्रॉपर्टीजमध्ये सही आहे का ते बघा.

दुसऱ्या डेटाबेसांत डीफॉल्ट वेगळे आहेत आणि तिथेच फसगत होते. ओरॅकलमध्ये प्रोसिजर मुळातच मालकाच्या हक्काने चालते, आतलं एक्झिक्यूट इमिजिएटसुद्धा. म्हणजे कोणी काही जास्तीचं न देताही भोकातून स्कीमाच्या मालकाची ताकद मिळते. तिथे व्हॅल्यूसाठी यूझिंग, नावांसाठी डीबीएमएस_असर्ट, आणि गरज नसेल तिथे ऑथआयडी करंट_यूजर. पोस्टग्रेसमध्ये फॉरमॅट फंक्शनमध्ये नावासाठी %आय आणि व्हॅल्यूसाठी यूझिंग वापरा. सिक्युरिटी डिफायनर लावलं तर सर्च_पाथ त्याच फंक्शनवर बांधून ठेवा आणि एक्झिक्यूट पब्लिककडून काढून घ्या, कारण नवीन फंक्शनवर ते आपोआप सगळ्यांना मिळतं. मायएसक्यूएलमध्ये प्रिपेअर एका वेळी एकच वाक्य घेतं, त्यामुळे अर्धविरामाचा हल्ला चालत नाही, युनियनचा मात्र चालतो. डीफॉल्ट डिफायनरचा आहे, आणि बॅकअपमधून आलेल्या प्रोसिजरवर डिफायनर म्हणून रूट राहिलेला असेल तर तो आधी बदला.

चालू सिस्टीम तपासायची तर सुरुवात सिस.एसक्यूएल_मॉड्यूल्सपासून. डेफिनिशन कॉलममध्ये एक्झेकनंतर कंस, आणि एसपी_एक्झिक्यूटएसक्यूएल, हे दोन्ही शोधा. ज्यांचा एक्झिक्यूट_ॲज_प्रिन्सिपल_आयडी उणे २ आहे त्या ओनरच्या हक्काने चालतात. त्या आधी वाचा. ज्यांची डेफिनिशन नल आहे त्या एन्क्रिप्ट केलेल्या आहेत, त्यांचा सोर्स पुरवठादाराकडून लेखी मागा. ओपनक्वेरी असलेल्या जागा वेगळ्या काढा: ते व्हेरिएबल घेतच नाही, म्हणून तिथे जोडणी असणारच. त्याऐवजी एक्झेक आणि ॲट लिंक्ड सर्व्हर वापरलं तर प्रश्नचिन्हाच्या जागी पॅरामीटर देता येतो.

प्रत्येक मजकुरी पॅरामीटरला एकटं अवतरणचिन्ह पाठवून बघा. निकाल शून्य ओळी आला पाहिजे. १०५ किंवा १०२ क्रमांकाचा एरर आला तर तिथे जोडणी आहे. मग पूर्ण लांबीभर अवतरणचिन्हं पाठवा. कापाकापीची भोकं त्यातून दिसतात. हे चाचणीच्या सर्व्हरवर करायचं, काट्याला जोडलेल्या सर्व्हरवर नाही. आणि एररचा मूळ मजकूर स्क्रीनवर जाऊ देऊ नका. २४५ क्रमांकाचा रूपांतराचा एरर ज्या व्हॅल्यूचं रूपांतर फसलं ती व्हॅल्यूच छापतो, आणि त्याच्या आधारे एकेक खाते क्रमांक बाहेर काढता येतो. तो मजकूर लॉगमध्ये लिहा, स्क्रीनवर फक्त एक संदर्भ क्रमांक द्या. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे असतात आणि ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या असतात, म्हणून हा लॉग डेटाबेस सर्व्हरच्या बाहेर कुठेतरी साठलेला हवा.

नवीन सॉफ्टवेअर लिहीत असाल तर हंगामनिहाय टेबलं करूच नका. एकच टेबल, त्यात हंगाम_क्र कॉलम, त्यावर इंडेक्स. डेटा फारच वाढला तर पार्टिशन करा. एसक्यूएल सर्व्हर २०१६ च्या एसपी१ पासून ते स्टँडर्ड एडिशनमध्येही मिळतं. गाव दिलं तर गावाचं, नाही तर सगळं, असल्या शोधासाठी पॅरामीटर नल आहे की नाही हे व्हेअरमध्येच तपासून शेवटी ऑप्शन रीकंपाइल लावलं की बहुतेक काम भागतं. क्रमही ऑर्डर बायमध्ये केस लिहून ठरवता येतो. मग ऊस_यादीत जोडायला काही उरत नाही, ओनरशिप चेन शाबूत राहते, आणि क्लार्कला एक्झिक्यूटपलीकडे काहीच द्यावं लागत नाही.